न लावलेल्या बोटाची नोंद

ती. बाईंना,

गेनूचा साष्टांग नमस्कार.

आज चार वाजता आपला डॉक्टर माधव येणार आहे. तुमच्या तिन्ही वह्या तो पुण्याला छापायला पाठवणार, आणि उद्या सकाळी शेजारच्या दवाखान्यात चंद्रभागा नावाच्या पोरीचं मनगट दुसऱ्यांदा उघडणार. दोन्ही तुमच्या वहीच्या भरवशावर. आणि तुमच्या वहीत मी खोटं लिहिलेलं आहे.

हे एक वाक्य तुम्ही असताना माझ्या तोंडून निघालं नाही. तुम्हाला जाऊन सहा महिने झाले, तरी दुसऱ्या कुणाजवळ निघालं नाही. म्हणून आधी तुम्हालाच लिहितो आहे. आता घड्याळात सव्वादोन झालेत. तुमच्याच टेबलाशी बसलो आहे, पण खुर्चीत नाही. स्टूल ओढून घेतलं आहे.

तुम्हाला पहिला दिवस आठवतो का? नागापूरच्या रस्त्याला या दोन खोल्या नुकत्या मिळाल्या होत्या, आणि दवाखान्यातून एक माणूस मागितला म्हणून मला इकडे पाठवलं. तुम्ही बरण्या पुसत होतात. वर न बघता विचारलंत, "वाचता येतं?"

"फायनल पास हाय बाई. प्रवरेकाठचा मी, कोल्हारच्या जवळ."

"कोल्हारचं नाही विचारलं. डोळे मिटलेल्या माणसाला फसवाल का?"

मला वाटलं, चोरीबिरीचं विचारताहेत. मी म्हणालो, "देवाशपथ न्हाई."

"देवाची नको," तुम्ही म्हणालात. "वहीची घ्या."

मी हसलो होतो. वहीची कुणी शपथ घेतं का! पण तुम्ही हसला नाहीत, वही पुढे केलीत, आणि मी तिच्यावर हात ठेवला. तेव्हा ती कोरी होती.

हळूहळू मला तुमचं काम कळायला लागलं. विळ्याने कापलेले हात यायचे, नागापूरच्या नव्या कारखान्यांतून पत्र्याने चिरलेले यायचे, दुष्काळी कामावर खडी फोडताना ठेचलेले यायचे. जखम भरून निघालेली, बोटं जागेवर, पण चिमटा काढला तरी कळत नाही असे हात. तुम्ही मला समजावून सांगितलंत, की नस कापली की तिचा पुढचा भाग मरतो. मागच्या टोकाला नवे कोंब फुटतात, आणि ते मेलेल्या नसेच्या रिकाम्या नळीतून चाचपडत बोटाकडे निघतात. ज्वारीच्या एका दाण्याएवढी वाट चालायला त्यांना तीन-चार दिवस लागतात.

मेलेल्याच्या जागेतून जिवंत चालत जातो! मी त्या दिवशी घरी जाऊन काशीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "दिवेलागणीला असलं बोलू नगा."

मग मार्गशीर्षात तुमच्याच हातात बरणी फुटली. डाव्या मनगटात, करंगळीच्या बाजूला, काच आत शिरली. मी घाबरून फडकं शोधत होतो, आणि तुम्ही रक्त गळत असताना टाचणी घेऊन आपल्याच करंगळीला टोचून बघत होतात! "गेनभाऊ, कळत नाही. घड्याळ बघा, वेळ लिहा." पुण्याला जाऊन नस शिवून आलात. प्लास्टर गळ्यात अडकवलेलं, आणि चेहरा कसा? जत्रेहून आल्यासारखा. "आता पेशंटची वाट बघायला नको. प्रयोग घरातच आलाय."

रोज अकरा वाजता आपण बसायचो. तुमचा हात वाळूच्या पिशवीवर, डोळ्यांवर काळी पट्टी. माझ्या हातात वेताची काडी, तिच्या टोकाला टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचा एक केस. मनगटापासून करंगळीपर्यंत तुम्ही शाईचे ठिपके घातले होते, त्यातल्या एकेका ठिपक्याला केस टेकवायचा. कळलं तर तुम्ही म्हणायचं "लागलं", नाही तर दहा आकडे मोजून पुढे जायचं.

पण माणसाला जे हवं असतं ते त्याला भासतं, असं तुमचं म्हणणं. म्हणून मधूनमधून केस न लावता नुसतं दहा मोजायचं. त्या पाळीला तुम्ही कोरी पाळी म्हणायचात. कोरी पाळी केव्हा घ्यायची हे मीही ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. नाणं उडवावं तर आवाज होतो. तेव्हा मीच चिंचोका सुचवला. लहानपणी आम्ही चिंचोका फोडून त्याच्या दलांवर सोंगट्या खेळायचो. दल रुमालावर टाकायचं. तांबडी पाठ वर आली तर केस लावायचा, पांढरं पोट वर आलं तर लावायचा नाही. तुम्हाला केवढा आनंद झाला होता! दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना बोलावून दाखवलंत. "हे आमच्या गेनभाऊंचं यंत्र. याला तेलपाणी लागत नाही."

वहीत मी रेघा मारल्या. वेळ, जागा, दल, उत्तर. दल तांबडं तर 'ता', पांढरं तर 'पां'. शेवटी एक अरुंद रकाना. पांढऱ्या दलाला तुम्ही "लागलं" म्हणालात, तर त्यात 'चूक' लिहायचं.

तो शब्द तुम्हीच सांगितला होतात. दुसरा कुठलाही सांगितला असतात तर, बाई! त्या जागी नुसती फुली मारायला सांगितली असती, तरी कदाचित आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

माघी पौर्णिमेला मी गावी गेलो. तुमचा हात तसाच लाकडासारखा होता. आमच्या देवीपुढे उभा राहिलो आणि बोलून गेलो, की बाईंच्या करंगळीला समजू लागलं तर तुला चांदीचा हात वाहीन. आमच्याकडे पाय बरा झाला की पाय वाहतात, डोळे बरे झाले की डोळे. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही हसला असतात असं नाही, पण वहीत तेही लिहायला लावलं असतंत.

त्यानंतर पाच आठवडे गेले. फाल्गुनातल्या वद्य चतुर्थीची गोष्ट. दल पांढरं पडलं. मी केसाची काडी खाली ठेवून दोन हात मागे उभा राहिलो आणि मनात आकडे मोजू लागलो. सातावर आलो असेन.

"लागलं," तुम्ही म्हणालात.

मी दलाकडे पाहिलं. पांढरंच होतं.

"गेनभाऊ, आज केस कुठंय? बोट का लावलंत? गार आहे. ओलं."

खोलीत आपण दोघंच होतो. दार लावलेलं. बाहेर पाण्याच्या टँकरशी बायकांची भांडणं चालली होती, त्यांचे हंडे आपटत होते. माझे दोन्ही हात माझ्या पाठीमागे होते. तुमच्या करंगळीकडे मी बघत होतो, आणि तिच्यावर काही नव्हतं. पण तुम्ही हात जराही न हलवता, कुणाला अवघडू नये तसा धरून ठेवला होतात.

आमच्या देवळात पुजारी पाण्यात बोट बुडवून कुंकू ओलं करतो आणि कपाळाला लावतो. ते बोट गार असतं. ओलं असतं.

मी वही उघडली. वेळ लिहिली. जागा लिहिली. मग दल. मग तो अरुंद रकाना. देवीच्या बोटासमोर मी 'चूक' कसं लिहू, बाई? नवस बोलणारा मी, नवसाला पावलेली ती, आणि तिने पहिलं बोट लावलं त्याच्यापुढे मी 'चूक' लिहायचं? माझा हात वळेना. मी 'पां'च्या जागी 'ता' लिहिलं. शेवटचा रकाना कोरा ठेवला.

तुम्ही पट्टी काढून वही पाहिलीत. "ता! म्हणजे खरंच लावलंत. केस होता की बोट?"

"केसच," मी म्हणालो. "भिजला असंल."

किती सोपं होतं! तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही तोंड फिरवून खिडकीतून टँकर बघत राहिलात.

पुढच्याच शुक्रवारी मी गावी जाऊन चांदीचा हात वाहून आलो. एवढासा, करंगळीसकट पाचही बोटं दाखवलेला. देवीच्या पायाशी अजून असेल. वाहिलेलं परत घेता येत नाही.

एकदाच झालं असतं तर मी विसरलो असतो. पण ते येत राहिलं. चार-आठ दिवसांनी, पांढऱ्या दलावर, ते बोट यायचं. तुम्ही तसंच सांगायचात आणि मी 'ता' लिहायचो. एकदा म्हणालात, "आता गोल फिरतंय. बाळाला तीट लावताना फिरवतात तसं." एकदा तुम्ही पट्टी बांधलेली मान माझ्याकडे नाही, दुसऱ्या बाजूला वळवलीत, जिथे नुसती भिंत आहे, आणि हळूच म्हणालात, "हं, कळतंय." मी उजवीकडे उभा होतो, बाई. भिंतीकडे तुम्ही कुणाला सांगत होतात?

आणि ते बोट पुढे सरकत होतं. पहिल्यांदा मनगटाखालच्या ठिपक्यावर, मग तळहाताच्या काठाने, दाण्यादाण्याने करंगळीच्या मुळाकडे. बरोबर तुम्ही सांगितलेल्या चालीने. देवीला एवढी घाई का नव्हती, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पण मी सगळंच गिळलं नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं. वहीत जे लिहिता आलं नाही ते मी घरी पंचांगात लिहीत होतो. देवीची भेट आहे, तिथीवार नोंद हवी. 'फाल्गुन वद्य चतुर्थी, मनगटाखाली, गार, ओलं, सातव्या आकड्याला.' 'चैत्र शुद्ध अष्टमी, तळहाताचा काठ, गोल फिरलं.' रोज संध्याकाळी पंचांग काढून बसायचो. काशी भाकरी थापता थापता म्हणायची, "काय वो, रोज रोज मुहूर्त कसला बगताय? दुसरं लगीन करताय का काय ह्या वयात?"

"तूच बघून दे एखादी," मी म्हणायचो.

"रेशनच्या मिलोच्या भाकरी खाऊन ऱ्हानारी गावली पायजे ना!"

तिलाही खरं सांगितलं नाही. आमच्याकडे असं मानतात, की अशी भेट बोलून दाखवली की थांबते.

वैशाखात तुमचा हात भाजला. त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. स्टोव्हवर सुया उकळत होत्या आणि तुम्ही माधवशी बोलत उभ्या होतात. डावा हात मागे, टेबलावर टेकलेला. मला आधी वास आला. दूध करपलं असं वाटलं. मग बघतो तर तुमची करंगळी उकळत्या भांड्याला चिकटलेली, आणि तुम्ही हसून माधवला काही सांगताय! मी ओरडून तुमचा हात ओढला.

तुम्ही फोडाकडे बघितलंत. मग वहीकडे. मग माझ्याकडे. "वही म्हणते, इथं केस टेकला तरी मला कळतो. मग जाळ कसा कळला नाही?"

माझ्या जिभेवर आलं होतं, बाई. खरंच आलं होतं. पण माधव उभा होता, आणि मी मलम आणायला निघालो. कपाटापाशी उगाच वेळ काढला. परत आलो तोवर तुम्ही वहीत इंग्रजीत काहीतरी लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. माधव आनंदाने लाल झाला होता. "गेनभाऊ, बाईंनी सगळी पुस्तकं उलटी केली! स्पर्श आधी येतो, चटका नंतर. सगळे आजवर उलटं सांगत आलेत."

पुस्तकं बरोबर होती. उलटा मी होतो.

तेव्हापासून मी रोज ठरवायचो, की उद्या सांगू. आणि रोज अकरा वाजता तुम्ही पट्टी बांधून हात पुढे करायचात, अगदी निर्धास्त. डोळे बांधून कुणी इतक्या विश्वासाने समोर बसलं, की मग खोटं सांगणं सोपं होतं आणि खरं सांगणं कठीण, असं का व्हावं?

मग कावीळ झाली. आषाढ सरता सरता तुम्ही खाटेवर पडलात. डोळे हळदीसारखे. मी दुपारी येऊन बसायचो. एकदा तुम्ही मला तिसरी वही मागितलीत आणि कितीतरी वेळ नुसती पानं उलटत राहिलात.

"गेनभाऊ, पांढऱ्या दलाला मी एकदाही चुकले नाही?"

मी चादरीचं टोक सारखं केलं.

"माणूस इतका अचूक नसतो हो."

तुम्हाला माहीत होतं का, बाई? आजवर हाच प्रश्न मी किती वेळा विचारला असेन! त्या वेळी तुमच्या आवाजात राग नव्हता. उलट तुम्ही मला वाट करून देत होतात, दार उघडून धरावं तशी. आणि मग तुम्ही ते सांगितलंत, जे मला आधी माहीत असतं तर!

"कोऱ्या पाळ्या मी कशासाठी घेत होते माहीत आहे? माझी परीक्षा म्हणून, हे तर झालंच. पण मला वाटायचं, वाढणारी नस कुणी न छेडता आपली आपण बोलत असेल. कोवळी असते ना. कोंब पुढे सरकताना आतून काहीतरी सांगत असेल. पेशंट लाजेने सांगत नाहीत, वेड्यात काढतील म्हणून. मी म्हटलं, माझा हात सांगेल. तेवढं एक शोधायचं होतं. पण नाही बोलली. एकदाही नाही."

त्यावर मी काय म्हणालो, आठवतं? मी म्हणालो, "बाई, पाणी देऊ?"

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी उठलो, माठातून पाणी काढलं, दोन्ही हातांनी पेला धरून दारातून आत येत होतो. आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "करंगळी का धरून ठेवलीये? सोडा आता."

मी दारात होतो. पेला माझ्या दोन्ही हातांत होता. पाणी माझ्या पायांवर सांडलं.

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

मी पंचांग काढून पाहिलं. माघातला नवस, फाल्गुनातलं पहिलं बोट, तिथीतिथीला सरकत गेलेली जागा. सत्तावीस नोंदी. तुम्ही आयुष्यभर जे शोधत होतात ते सत्तावीस वेळा तुमच्याच तोंडून बाहेर पडलं होतं, आणि मी ते उचलून माझ्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं होतं! तुम्ही म्हणाल, नस बोलली. मी म्हणेन, देवी आली. देवीला नसेतून यायला काय अडचण आहे? यावरून आपण कधी भांडलो नसतो. पण मी लिहिलेलं ते 'ता' ना तुमच्या शास्त्राचं होतं, ना माझ्या देवीचं.

आता चंद्रभागेचं सांगतो. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. भाद्रपदात गवत कापताना विळा मनगटावर बसला. तुमच्याच जागी, फक्त हात उजवा. माधवने नस शिवली. तो चांगलं शिवतो, तुमचा विद्यार्थी आहे. आता पाच महिने झाले. काल त्याने तपासली, मी शेजारी काडी घेऊन उभा होतो.

"लागतंय का?"

"न्हाई दादा."

"इथं?"

"न्हाई."

माधवने तुमची वही उघडून बोट ठेवलं. "बाईंना इथं तिसऱ्या महिन्यात केस कळला होता. हिला पाचव्यातही नाही. म्हणजे टाका सुटला असणार. परवा पुन्हा उघडू, टोकं नव्याने कापून शिवू."

मी म्हणालो, "अजून थोडं थांबलं तर?"

"कशाच्या आधारावर थांबू, गेनभाऊ? बाईंची वही खोटं बोलेल का?"

तो तुमच्यासारखाच बघतो, बाई, सरळ. मी खाली बघितलं.

बाहेर व्हरांड्यात चंद्रभागा हात पदराखाली घेऊन बसली होती. मला म्हणाली, "मामा, एक इचारू का? हसायचं न्हाई."

"विचार की."

"आत मुंग्या चालत्यात. कुनी हात न लावता. कवाकवा तर कुनी बोट फिरवल्यावानी वाटतंय. गार. पयल्यांदा हितं हुतं, आता लई पुढं आलंय." तिने डाव्या हाताने दाखवलं. करंगळीच्या मुळाजवळ. "पन डागदर हात लावून इचारत्यात. हात लावल्यावर कायबी कळत न्हाई, मंग मी न्हाईच म्हनते. हे सांगितलं तर म्हनतील, बाईला बाधा झालीया. सासू तर म्हनतीच हाय."

मी तिथेच तिच्याजवळ फरशीवर बसलो.

"मामा, काय झालं वो? वंगाळ हाय का कायतरी?"

"न्हाई पोरी," मी म्हणालो. "लई चांगलं हाय."

कोंब चालताहेत तिच्या हातात. उद्या सकाळी माधव ते कापणार, माझ्या एका अक्षराच्या भरवशावर. पुन्हा पहिल्या दाण्यापासून चाल सुरू होईल, आणि दुसऱ्यांदा कापलेले कोंब फुटतातच असं नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत.

काल रात्री झोप लागली नाही, हे वेगळं सांगत नाही. सकाळी येताना दोन्ही पंचांगं बरोबर आणली. जुनं आणि पाडव्यानंतरचं. काशी म्हणाली, "आता कामावर पन मुहूर्त!" मी म्हणालो, "व्हय. आज हाय एक."

बाई, इथवर लिहिलं आणि उठलो. ड्रॉवरमधून तुमचा रुमाल काढला आणि ते दल काढलं. पाठ आता गुळगुळीत झाली आहे. टाकलं. पांढरं पडलं.

मग मी तुमच्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच. वाळूच्या पिशवीवर डावा हात ठेवला, पट्टी बांधली. दार आतून लावलेलं होतं. मोजायला लागलो. तुम्हाला काय दिसत असेल पट्टीआड, याचा मी कधी विचार केला नव्हता. काळं नसतं ते. तांबूस असतं. बाहेर एक ट्रक गेला, काचा थरथरल्या, मग शांत झालं. पाच. सहा.

सातला ते आलं. करंगळीच्या मुळाशी. गार, ओलं.

माझी नस तर कधी कापली नव्हती, बाई.

मी हात हलवला नाही. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण हात ओढून घ्यावासा वाटला नाही. कुणाचं बोट, हेही विचारलं नाही. तुम्ही तरी कुठे विचारत होतात! दहापर्यंत मोजलं, पट्टी काढली, आणि तिसऱ्या वहीतल्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं. वेळ. जागा. दल: पां. उत्तर: लागलं. आणि त्या अरुंद रकान्यात, इतक्या पानांत पहिल्यांदा, लिहिलं: चूक.

या वेळी हात वळला. देवी रागावली असेल असंही वाटलं नाही. तिला आपल्या भेटीचं नाव काय लिहिलंय याची एवढी पर्वा नसावी. पर्वा मला होती.

त्याच्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं आहे.

आता पावणेचार झालेत. वचन देतो, बाई. देवाची शपथ तुम्ही घेऊ दिली नव्हतीत, म्हणून वहीवर हात ठेवून देतो. माधव आला की वह्या त्याच्या हातात देण्याआधी ही दोन पंचांगं देईन. सत्तावीस जागी 'ता' खोडून तुमच्यासमोर जे घडलं तेच लिहीन, आणि ते तुमच्या नावाने छापा म्हणेन. खोटं माझ्या नावाने छापा म्हणेन. मग त्याला हाताला धरून व्हरांड्यात नेईन आणि चंद्रभागेला विचारायला लावीन, हात न लावता. त्याने मला कामावरून काढलं तर काढू दे. तिचं मनगट उद्या उघडायचं नाही, एवढं सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

आणि ते बोट पुन्हा आलं, माझ्या हाताला किंवा कुणाच्याही, तर लागलं ते लागलं लिहीन. नाही आलं तर नाही लिहीन.

बाहेर माधवच्या सायकलची घंटा वाजली. उठतो.

तुमचा, आज वहीत नाव लिहिलेला,
गेनू